भूसंपर्काची कुंडी

विजेला नियम समजावून सांगता येत नाहीत, म्हणून ते माणसांना समजावून सांगावे लागतात. हे जोखमीचं काम हौशी रेडिओ मंडळाच्या अध्यक्षांनी खांद्यावर घेतलं होतं. (खांदे मोकळेच होते, विमा कंपनीतून ते नुकतेच निवृत्त झाले होते.)

गच्चीवर त्यांचा उंच अँटेना होता. तिथून निघालेली जाड केबल थेट टेबलावरच्या रेडिओत शिरत होती. या वाटेने वीज आलीच, तर तिला अडवून जमिनीत धाडणारा परदेशी अरेस्टर त्यांनी बसवून घेतला. राहिली फक्त त्याची तांब्याची पट्टी खाली नेऊन जमिनीत गाडायची. पण पट्टी इमारतीच्या नव्या रंगावरून जाणार, आणि ते सोसायटीला नामंजूर. अध्यक्षांनी साधकबाधक विचार करून ती गच्चीतल्याच गुलाबाच्या कुंडीत पुरली.

"अहो, कुंडी गच्चीवर आहे," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. (मंडळात त्यांना सगळे वहिनी म्हणत.)

"पण आत मातीच आहे ना?"

पुढे कोरडे वारे सुटले. केबलवर स्थिर वीज साठली आणि टेबल पुसताना वहिनींना सणसणीत झटका बसला. यंत्रणा कार्यरत असल्याबद्दल अध्यक्षांनी समाधान व्यक्त केलं.

"निदान आभाळ आलं की ती केबल उपटून ठेवत जा हो!"

तसं करणं म्हणजे स्वतःच्याच यंत्रणेवर अविश्वास दाखवणं, हे त्यांनी शांतपणे निदर्शनास आणलं.

एका दुपारी आभाळ काळंकुट्ट झालं. अध्यक्ष नेमके तेव्हाच रेडिओवरून सभासदांना 'वीज आणि आपण' या विषयावर मार्गदर्शन करत होते. गडगडाट जवळ आला तशी त्यांची नजर सारखी केबलकडे जाऊ लागली. पण सगळे ऐकत असताना मध्येच उठायचं कसं? ते ठाम आवाजात म्हणाले, "अशा वेळी केबल ताबडतोब काढून..."

वहिनींनी त्यांना खुर्चीसकट मागे खेचलं आणि रेडिओतून निळा लोळ उसळला.

सभासदांना प्रात्यक्षिक फार आवडलं. अध्यक्षांच्या भुवया जळाल्या, कानात शिट्टी वाजत राहिली. संध्याकाळ झाली तरी वहिनींचा हात त्यांनी सोडला नव्हता. (ही बाब इतिवृत्तात घेतलेली नाही.) चौकशी समितीने कुंडी लहान पडल्याचा निष्कर्ष काढला आणि मोठ्या टबाची शिफारस केली.

मंडळात नवे सभासद घेणं चालू आहे. रेडिओचं ज्ञान आवश्यक नाही. सॉकेटच्या वरच्या, अर्थिंगच्या भोकात पेन्सिल खुपसून दोन पिनांचा प्लग बसवता येत असेल, तर तुमची निवड झालीच म्हणून समजा.