माझ्या नावाचं फळ

राजेहो, फळाची पारख म्हणाल तं कळमन्याच्या मार्केटात माझ्याइतकी कोणालेच नाही! तीस वर्षं संत्र्याची अडत करून राहिलो. नुसत्या वासावरून सांगतो, माल काटोलचा का वरुडचा. म्हणून माझ्या पोरीनं एका फळाले माझं नाव दिलं, तेव्हा मले नवल वाटलं नाही. आनंद मात्र असा झाला, का मी सकाळचे पोहे दोनदा खाल्ले!

फळ खरं नाही, मोबाइलच्या गेममधलं. आमची ऋतुजा गेम बनवते. चार वर्षांपूर्वी तिनं बँकेच्या परीक्षा सोडून हे सुरू केलं, तेव्हापासून मी रोज चार शब्द समजावतो, अन् तिचं माझ्याशी बोलणं 'भाजी वाढू?' अन् 'पाणी देऊ?' एवढंच. आता तिच्या गेममध्ये खेळाडूनं बागेतून फळं गोळा करायची असतात, अन् त्यातल्या एका नारिंगी फळाचं नाव 'गोपाळी'! मी गोपाळराव. म्हणजे पोरीनं बापाले माफ केलं! आणखी काय पाहिजे?

"पण हे नाव काहून ठेवलं, विचारलं का तिले?" माझी बायको प्रेमिला म्हणाली.

"विचारायचं काय त्यात, वं? लिलावात ढीग ज्याचा, त्याच्याच नावानं पुकारतात ना!"

दुपारपर्यंत अर्ध्या मार्केटले खबर! रविवारी शेजारच्या गाळ्याचा नत्थू अन् आणखी चार अडते घरी हजर. नत्थूनं तं हार आणला. मी नको नको म्हणत मान पुढं केली.

ऋतुजाचा चेहरा उतरला. "बाबा, सगळ्यांसमोर नका ना खेळू. मी तुम्हाले मग दाखवते."

"लाजून काहून राहिली? लाव टीव्हीवर!"

लावला तिनं. बागेत गोपाळीचा हा मोठा ढीग! पोरगी म्हणे, वरचं फळ उचला. आता तुम्हीच सांगा, तीस वर्षांचा अडत्या वरचं फळ उचलेल? वरचा थर गिऱ्हाइकाले दाखवाले सजवलेला असते! मी सरळ बुडात हात घातला. ढीग कोसळला अन् माझा खेळाडू त्याच्याखाली गाडला गेला.

"बाबा, इथं कोणी फसवत नाही. वरचंच घ्या!"

"तू मले माल शिकवतं?"

पुन्हा बुडातून, पुन्हा गाडलो. तिसऱ्यांदा तं खेळाडूची नुसती टोपी दिसत होती.

"सरक गा!" नत्थूनं मोबाइल हिसकला अन् वरचं फळ उचललं. खेळाडूनं ते खाल्लं. मी उठून उभाच राहिलो. म्हटलं, आता याच्यात हत्तीचं बळ येते!

खेळाडूनं टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले अन् बोलाले लागला. 'आमच्या वेळी असं नव्हतं...' तिकडं माकडं टोपली घेऊन पळाली, बागेचं फाटक बंद झालं, याचं चालूच! 'बँकेत पेन्शन असते... लोक काय म्हणतील... गेम बनवणं हे काय काम झालं?'

नत्थू हसता हसता सोफ्यावरून खाली आला. "अबे, हा तं तूच आहे गा! नुसत्या मिशा राहिल्या!"

बाकीचे चौघं डोळे पुसत होते. मी हार घालून उभा. असं वाटलं, त्या ढिगाखालीच बरा होतो!

ऋतुजा रडकुंडीले आली. "बाबा, चार वर्षं रोज ऐकलं, म्हणून रागात ठेवलं होतं नाव. आत्ता बदलते."

"बदलू नको." मी गळ्यातला हार काढला. "शब्द न् शब्द पाठ आहे तुले. मले वाटे, तू ऐकतच नाही."

"ऐकत होते ना बाबा. सगळं ऐकत होते."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. चार वर्षांनी पहिल्यांदा.

"अन् या फळावर उतारा काय?" नत्थूले चैन कुठलं!

ऋतुजा डोळे पुसत हसली. "आईच्या नावाचं फळ आहे, काका. ते खाल्लं का खेळाडू लगेच चूप."

मी लगेच पाहुण्यांकडं वळलो. "बरं का मंडळी, आमच्या वेळी असे गेम..."

"अहो, पुरे!" स्वयंपाकघरातून प्रेमिलाचा आवाज आला.

मी चूप झालो. आता काय सांगू राजेहो, पोरीचं काम एकदम पक्कं आहे!