अय्यांची मंजुरी

"परवानगी नाही म्हणे! केंद्र माझं, अहवाल माझ्या केंद्राचा, आणि मलाच परवानगी नाही. उद्या म्हणाल, दुरैराज, पानातली इडली बघायची तर आधी अर्ज कर."

हे पुटपुटणं कनगवल्लीच्या अगदी कानाशी चाललं होतं. दुरैराज तिच्या टेबलावर दोन्ही कोपरं टेकून जवळजवळ संगणकातच शिरला होता. कोइमतूरच्या वल्लिअम्मै ग्राइंडर कंपनीत ज्याला संगणकावर काही दिसत नसे, त्याला वाट दाखवायची हे कनगवल्लीचं काम. दिसत तिलाही काही नसे. वाट तेवढी पाठ होती.

"अण्णा, 'परवानगी मागा' असं बटण आहे ना, ते दाबा."

"दाबलं."

"किती वेळा?"

"लिफ्टचं दाबतात तसं दाबलंय, अक्का. येत नाही म्हटल्यावर माणूस काय करणार?"

पोल्लाचीचं दुरुस्ती केंद्र बंद होणार अशी कुणकुण त्याला लागली होती. राहूकाळ संपला की बारा वाजता मुदलाळींच्या, म्हणजे मालकांच्या खोलीत त्यावर बैठक होती. 'शाखा अहवालात पोल्लाची फार अशक्त दिसते,' असं हिशेबप्रमुख राजमाणिक्कम सारांनी मागच्या बैठकीत सांगितलं होतं. अहवालात नेमकं आहे तरी काय, ते न बघता दुरैराजनं भांडायचं कशावर? त्याच्या केंद्रातली माणसं सकाळपासून त्याच्या फोनची वाट बघत होती.

"राजमाणिक्कम सारांना दिसतो ना? त्यांच्याकडेच बघून घेऊ," कनगवल्ली म्हणाली. खरं सांगायचं तर तिलाही उत्सुकता होती. गेल्या नवरात्रातल्या आयुधपूजेपासून सगळं ऑफिस या अहवालाबद्दल बोलत होतं, आणि तो कसा दिसतो हे तिला एकानंही सांगितलं नव्हतं.

राजमाणिक्कम सार भुवया उंचावून म्हणाले, "दिसतो म्हणजे काय! रोज बघतो."

"मग जरा उघडता का, सार? लांबूनच बघू."

"आत्ता? राहूकाळात? अहवाल कधी राहूकाळात उघडतात का?"

"तुम्ही वडा खाताय की राहूकाळात," दुरैराज म्हणाला.

"वडा आधी सुरू केला होता."

कनगवल्ली परत जागेवर आली. दुरैराजचा अर्ज नेमका कुणापाशी अडकलाय, हे बघणं तेवढं तिच्या हातात होतं. आजवर ते बघायची वेळ आली नव्हती, कारण अहवाल दिसत नाही अशी तक्रार घेऊन तिच्याकडे कुणी आलंच नव्हतं. दिसत नाही म्हणणं म्हणजे आपण लहान माणूस आहोत असं कबूल करणं! तिनं बघितलं. मंजुरी देणार, एकमेव: वेलुस्वामी अय्या.

तिचा हात थांबला. समोरच्या भिंतीवर मुदलाळींचे वडील, वेलुस्वामी अय्या, तसबिरीत चंदनाच्या हारातून हसत होते.

मग तिला आठवलं. आयुधपूजेच्या दिवशी नवा संगणक आला. या घराण्यात पहिलं लिंबू, पहिला ग्राइंडर, पहिली लग्नपत्रिका, सगळं आधी अय्यांना. मुदलाळी म्हणाले होते, "पहिलं नाव अप्पांचं घाला." घातलं, त्यांच्या फोनच्या नंबरासकट. पडद्याला चंदनाचा टिळा लावला, कापूर ओवाळला, दृष्टीचा भोपळा फोडला. दुसरं नाव घालायची आठवण कुणालाच राहिली नाही.

"काय झालं, अक्का?"

"वर अडकलंय."

"वर म्हणजे कुठं? मुदलाळींकडे?"

"त्यांच्याही वर."

यापुढचं वाक्य तिच्या तोंडून निघेना. तिच्याच नव्हे, कंपनीत कुणाच्याच तोंडून ते कधी निघालं नव्हतं. दर शुक्रवारी मोठ्या अम्मा, म्हणजे मुदलाळींच्या आई, यायच्या, अय्यांच्या तसबिरीपुढे पितळी पेल्यात कॉफी ठेवायच्या आणि बैठक संपेपर्यंत मुलाच्या खोलीत बसून राहायच्या. त्यांच्यासमोर अय्यांना भूतकाळात घालायची कुणाची छाती होती? 'अय्यांना आवडत नाही', 'अय्यांना विचारून करू', असंच सगळे बोलत. आणि आज शुक्रवार होता.

बैठकीत कनगवल्लीनं संगणक लावून दिला, आणि राजमाणिक्कम सारांनी घसा साफ केला. "अहवालानुसार पोल्लाची..."

"तो तेवढा दाखवा, सार," दुरैराज म्हणाला. "राहूकाळ संपला."

सारांनी विक्रीप्रमुखांकडे बघितलं, विक्रीप्रमुखांनी पंख्याकडे, आणि मुदलाळींनी स्वतःच्या अंगठीकडे.

"कनगवल्ली," मुदलाळी म्हणाले, "यांना वाट दाखव."

"सार, अर्ज मंजुरीला पडलाय. 'आठवण करा' म्हणून एक बटण आहे..."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत दुरैराजनं ते दाबलं. लिफ्टचं दाबतात तसं.

टिंग. टिंग. टिंग.

आवाज मोठ्या अम्मांच्या कापडी पिशवीतून येत होता. त्यांनी जपमाळ, पानाचा डबा बाजूला सारून एक जुना फोन काढला. अय्यांचा. दर महिन्याला पैसे भरून, रोज उशाशी चार्जिंगला लावून जिवंत ठेवलेला.

"आयुधपूजेपासून मधूनमधून वाजतोय," अम्मा म्हणाल्या. "राजमाणिक्कम, तुझंच नाव जास्त वेळा येतं. मला बरं वाटायचं. म्हटलं, याला यांची आठवण येते."

सारांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला.

"यात हिरवं काहीतरी आहे. दाबू का गं?"

"दाबा, अम्मा," कनगवल्ली म्हणाली. नोकरीत पहिल्यांदाच तिनं दाखवलेली वाट कुठंतरी पोचत होती.

अहवाल उघडला. सगळे खुर्च्या सोडून पुढे वाकले. वर कंपनीचं नाव, खाली शाखांची नावं, आणि पुढची सगळी घरं रिकामी. आकडे भरायलाही परवानगी लागत होती.

"मग पोल्लाची अशक्त आहे हे कुणी सांगितलं?" मुदलाळींनी विचारलं.

"मला विक्रीकडून कळलं," राजमाणिक्कम सार पुटपुटले.

"मी तर तुमच्याकडूनच ऐकलं होतं," विक्रीप्रमुख म्हणाले.

"केंद्र चालू राहील," मुदलाळी घाईनं म्हणाले. दुरैराजनं डोळे मिटून घेतले, आणि मग खिशातला फोन घट्ट धरून दाराकडे सरकला.

कनगवल्ली मात्र जागची हलली नाही. "सार, संगणक विचारतोय, यापुढे मंजुरी कुणाच्या नावानं ठेवायची?"

मुदलाळींनी तसबिरीकडे बघितलं. "राहू दे अप्पांचंच. त्यांना विचारल्याशिवाय कसं..."

मोठ्या अम्मांनी फोन पदरानं पुसला आणि मुलाच्या हातात दिला.

"अप्पा गेले रे, कण्णा," त्या म्हणाल्या. "आता तुझं नाव घाल."