साडेसहा चौरस मीटरची पाल

समुद्राविषयी गंभीर विचार करायचा असेल तर समुद्रापासून लांब बसावं लागतं. किनाऱ्यावरची माणसं मासे खातात, भिजतात आणि विचार राहून जातो. याच दूरदृष्टीने विंडसर्फिंगच्या शिडांवर संशोधन करणारी संस्था लखनौला, अमौसीच्या विमानतळामागे उभारण्यात आली. (फळीवर उभं राहायचं, शीड हातात धरायचं आणि वारा नेईल तिकडेच आपल्याला जायचं होतं असा चेहरा करायचा, असं या खेळाचं स्वरूप असल्यामुळे तो सरकारी खात्याकडे येणं स्वाभाविकच होतं.) संस्थेत एकशे बारा कर्मचारी आहेत. त्यांपैकी समुद्र पाहिलेले एकोणीस, कामानिमित्त पाहिलेले शून्य.

डॉ. सुबोध पिंपळखरे हे त्या एकोणिसांतले. मूळचे सांगलीचे, लखनौत एकतीस वर्षं. त्यांतली सात वर्षं त्यांनी तळ्याकाठी उकिडवं बसून चतुर बघण्यात घालवली. चतुर म्हणजे लहानपणी ज्याच्या शेपटीला आपण निर्दयपणे दोरा बांधत होतो तो चार पंखांचा कीटक. हिंदीत चतुर म्हणजे हुशार माणूस. त्यामुळे पहिल्या अहवालातल्या 'चतुर के पंख' या शब्दांखाली 'कौन चतुर? नाम व पदनाम लिखें' असा शेरा आला, आणि त्याचा खुलासा करण्यात चार महिने गेले.

पण माणूस चिवट. सात वर्षांत त्यांच्या लक्षात आलं ते असं. चतुराचा पंख पुढच्या कडेला जाड शिरांचा आणि ताठ असतो. मागे जावं तशा शिरा बारीक होतात आणि कड लवचीक होते. शिवाय सगळा पंख कागदी पंख्यासारखा बारीक घड्यांचा. वाऱ्याचा झोत आला की मागची कड आपोआप पिळवटते, जास्तीचा वारा सांडून देते, आणि चतुर आपल्या कामाला जातो. आपलं शीड मात्र सगळा झोत अंगावर घेतं आणि माणसाला पाण्यात घालतं. तेव्हा सुबोधांनी शिडात तशाच काड्यांची जाळी बसवली, डोलकाठीपाशी जाड आणि टोकाला पातळ. शीड साडेसहा चौरस मीटरचं झालं. शेवटची शिवण त्यांच्या पत्नी विनीताबाईंनी घरच्या मशीनवर घातली. (कार्यालयातलं शिलाई यंत्र उपलब्ध होतं, त्याची सुई उपलब्ध नव्हती.)

आता अडचण एवढीच होती की सुबोध तीस जूनला निवृत्त होणार होते आणि शीड अजून पाण्याला लागलं नव्हतं. लखनौत शिडाजोगता वारा एकच, उन्हाळ्यातली भाजणारी लू. ती मे महिन्यात सुटते आणि जूनच्या मध्यावर संपते. मलिहाबादकडे आमराईच्या पलीकडे एक मोठा तलाव होता. फळीवर तोल सांभाळणारी व्यक्ती शहरात एकच सापडली, तीही त्यांच्याच घरात: मुलगी सावनी. विमान कंपनीच्या नोकरीत ती वर्षभर गोव्याला होती, तिथे शिकून आली होती.

"एकदाच ते पाण्यावर उभं राहिलेलं बघायचंय मला," सुबोध म्हणाले.

"अहो, मग घेऊन जा ना रविवारी," विनीताबाई म्हणाल्या.

"परवानगीशिवाय?"

एकतीस वर्षं सरकारी क्वार्टरमध्ये काढलेल्या बाईला या प्रश्नाचं गांभीर्य समजावून सांगावं लागत नाही.

हिंदीतून केलेला अर्ज लवकर सुटतो, असा संस्थेत समज होता. म्हणून सुबोधांनी फेब्रुवारीत अर्ज हिंदीतून केला. शिडाला हिंदीत पाल म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर तुम्ही डॉ. राजाराम धुमाळ्यांच्या पंगतीला आहात, आणि ती पंगत मोठी आहे.

धुमाळे बार्शीचे निवृत्त प्राणिशास्त्रज्ञ. अर्जात कीटक आहेत म्हणून तो तज्ज्ञ अभिप्रायासाठी त्यांच्याकडे गेला. यात कुणाची चूक नाही. पण जन्मभर मराठी वाचलेल्या डोळ्यांना पाल दिसली की ती भिंतीवरच दिसते. त्यातून सुबोधांची हिंदी सफाईदार असली तरी तिच्यातली लिंगं अजून सांगलीचीच होती. हिंदीतला पाल पुरुष आहे. सुबोधांनी (डोलकाठीला मस्तूल म्हणत) लिहिलं होतं: 'पाल को मस्तूल से कसकर बाँधा जाएगा और तेज़ लू में दस मिनट पानी पर रखा जाएगा। फट गई तो दूसरी पाल लगाई जाएगी।'

धुमाळ्यांना दोन वेळचं जेवण गेलं नाही. त्यांनी तीन पानी अभिप्राय लिहिला आणि प्रकरण प्राणी कल्याण उपसमितीकडे गेलं. उपसमितीने मेच्या पहिल्या आठवड्यात खुलासा मागवला. प्रयोगासाठी एकूण किती पाली लागतील? त्यांना पोहता येतं काय? 'फट गई' या स्थितीत प्रथमोपचाराची सोय काय? आणि साडेसहा चौरस मीटरची पाल नेमकी कुठे आढळली, व इतकी महत्त्वाची बाब शास्त्रीय जगतापासून लपवून का ठेवली?

हे पत्र वाचताना सुबोधांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. (तिची नोंद मूळ अर्जात नव्हती.) त्यांनी त्याच दिवशी उत्तर लिहिलं: 'पाल कपड़े की है।' उपसमितीने तत्परतेने कळवलं की मृत, पेंढा भरलेल्या अथवा कापडी प्राण्यांसाठी वेगळा फॉर्म असतो, तो भरावा.

बाहेर लू मस्त सुटली होती. आंब्यांना रंग चढत होता. सुबोध खिडकीतून वाकणारी झाडं बघत आणि कॅलेंडरवरचा एकेक दिवस खोडत. सावनी ड्यूटीवरून आली की विचारायची, "बाबा, परमिशन आई क्या?" आणि ते नकारार्थी मान हलवायचे.

शेवटी त्यांनी बार्शीला फोन लावला.

"अहो धुमाळेसाहेब, पाल म्हणजे शीड. हिंदीत शिडाला पाल म्हणतात हो."

पलीकडे धुमाळे इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि कुणीतरी पाणी आणून दिल्याचा आवाज लखनौपर्यंत आला.

"अरे देवा. आणि मी इकडे पालींच्या काळजीने झुरतोय. तुमचं काम छान आहे हो पिंपळखरे, अगदी छान."

"मग अभिप्राय मागे घेता?"

"तो कसा घेणार? नोंद झाली ना त्याची. आता तो माझा राहिलाच नाही."

हेही खरंच होतं. नोंद झालेलं मत कुणाचंच नसतं, म्हणून तर ते बदलता येत नाही. सुबोध फाइल घेऊन कार्यालय अधीक्षक अवस्थीजींकडे गेले. अवस्थीजी लखनौचे, तीन संचालक पचवलेले. त्यांनी पान चघळत सगळी फाइल वाचली, पाल म्हणजे मराठीत छिपकली हे समजून घेतलं आणि प्रसन्न झाले.

"डॉक्टर साहब, इसमें मुश्किल क्या है? एक छिपकली साथ रख लीजिए. आपका पाल भी चल जाएगा, उनकी पाल भी."

टंकलेखन कक्षातल्या ट्यूबलाइटमागे राहणारी पाल त्याच दुपारी रुजू करून घेण्यात आली. वजन सात ग्रॅम, प्रकृती उत्तम, स्वभाव मितभाषी. तिला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, ओला कापूस आणि 'नमुना क्रमांक एक' हे पदनाम मिळालं. उपसमितीचे सर्व आक्षेप तीन दिवसांत निकाली निघाले. साडेसहा चौरस मीटरच्या जागी सात ग्रॅम कसे झाले, हे कुणी विचारलं नाही. सुधारित प्रस्तावात प्राण्याचा आकार कमी झाला, तर ती काटकसर समजली जाते.

अकरा जूनला, सकाळी साडेदहाला, मलिहाबादच्या त्या तलावावर लू भट्टीचं दार उघडल्यासारखी येत होती. उपसमितीच्या निरीक्षक प्रतिमा मिश्रा छत्री धरून काठावर उभ्या होत्या. नियमाप्रमाणे पालीचा डबा डोलकाठीला बांधला. सावनीने शीड उचललं, फळी हलली आणि चालू लागली.

तलावाच्या मध्यावर मोठा झोत आला. काठावरच्या आंब्याच्या झाडांतून पंधरावीस दशहरी एकदम खाली पडले. सुबोधांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा शिडाची मागची कड चतुराच्या पंखासारखी अलगद पिळवटली होती, वारा सांडून गेला होता आणि सावनी ताठ उभी राहून पाणी कापत चालली होती. "बाबा, ये तो अपने आप सँभल रहा है," ती लांबून ओरडली. सुबोधांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. विनीताबाईंनी त्यांचा हात धरून ठेवला. सात वर्षांत त्यांना इतका आनंद झाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याआधीच्या चोवीस वर्षांतही.

दहा मिनिटांनी फळी काठाला लागली. मिश्राबाईंनी फॉर्म काढला. त्यात रकाने होते: प्रयोगापूर्वीचं वजन, नंतरचं वजन, भूक, शेपटीची स्थिती. शिडासाठी रकाना नव्हता. त्या बाई भल्या होत्या. त्यांनी विचार करून शिडाची सगळी मापं आणि आकृत्या 'परिशिष्ट तीन: नमुन्यासोबतचे इतर साहित्य' या मथळ्याखाली जोडून घेतल्या. पालीने परतीच्या वाटेवर दोन डास खाल्ले, त्याची नोंद मुख्य अहवालात झाली.

तीस जूनला सुबोधांना शाल मिळाली. त्याच आठवड्यात संस्थेच्या प्रसिद्धिपत्रकावरून कुणीतरी एक संदेश तयार केला: 'लखनौच्या मराठी शास्त्रज्ञाने पालीला वाऱ्यावर स्वार केले! परदेशी शास्त्रज्ञ थक्क!' खाली परिशिष्ट तीनची लिंकही होती, कारण सुबोधांनी तेवढी विनंती केली होती.

आजपर्यंत तो संदेश अकरा लाख लोकांनी पुढे पाठवला आहे. लिंक उघडली गेली चौदा वेळा. त्यांत नऊ वेळा सुबोध स्वतः, दोनदा सावनी, एकदा विनीताबाई, एकदा मिश्राबाई आणि एकदा धुमाळे. हे सुबोधांनी स्वतः ताडून पाहिलं आहे, तो आकडा ते रोज सकाळी चहा घेताना पाहतात.

तेव्हा परवा तुमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तो संदेश आला, आणि तुम्ही तिरंगा व दोन जोडलेले हात लावून 'मराठी माणसाचा अभिमान आहे' असं लिहून तो पुढे पाठवलात, त्याबद्दल पिंपळखरे कुटुंब आपलं आभारी आहे. पंधरावं कोण, याची ते अजून वाट बघत आहेत.