आठशे जण ‘येतो’ म्हणाले

सकाळी मोबाईल उघडल्याबरोबर अपूर्वा "आईशप्पथ!" असं काही ओरडली, की सरोजिनीबाईंच्या हातातली भिजवलेल्या पोह्यांची चाळणी पडता पडता वाचली.

"काय गं, पाल दिसली?"

"पाल कसली आई! आठशे जणांना आमंत्रण गेलं, आणि आठशेच्या आठशे येतो म्हणतायत!"

"मग चांगलंय की."

चांगलं कसलं, कपाळ! एकानंही ‘जमत नाही’ म्हटलं नाही असं लग्न कुठं झालंय का? अकोल्याचे रामहरीमामा पाय मोडून प्लास्टरमध्ये पडले होते, तेही येतो म्हणत होते. आप्पासाहेबांचा भाचा बोटीवर नोकरीला, बोट भर समुद्रात, तोसुद्धा येतो म्हणत होता.

आप्पासाहेब म्हणजे केडगावच्या पतसंस्थेचे चेअरमन. त्यांच्या मुलीच्या, ज्योतीच्या लग्नाची मोबाईलवरची पत्रिका अपूर्वानं केली होती. वर गणपती, मध्ये मुहूर्त आणि खाली दोन ठसठशीत बटणं, ‘येतो’ आणि ‘येत नाही’. अपूर्वा यूएक्स डिझाइन शिकली होती. म्हणजे मोबाईल वापरताना माणूस कुठं अडतो ते शोधायचं आणि त्याची वाट सोपी करायची. तिचे वडील शरच्चंद्रराव शेजाऱ्यांना "कॉम्प्युटरमधलं काहीतरी" एवढंच सांगून सुटका करून घेत. पुण्याच्या कंपनीनं तिला बजावलं होतं, ‘खऱ्या माणसांनी वापरलेलं एक तरी काम दाखव, मग नोकरीचं बोलू.’ हे जमलं तर पुणं. नाही जमलं तर आप्पासाहेबांच्याच पतसंस्थेत कारकुनी, कारण शरच्चंद्ररावांनी तिथं शब्द टाकून ठेवला होता. पतसंस्थेचं नुसतं नाव निघालं तरी अपूर्वा उठून दुसऱ्या खोलीत जायची.

"बाबा, तुम्हीसुद्धा ‘येतो’ दाबलंत? मुहूर्ताच्या वेळी तुमची दाताच्या डॉक्टरांकडे वेळ आहे ना?"

"आहे की. पण पत्रिका वाचून झाली, आता बंद करायची. दुसऱ्याच्या घरून निघताना माणूस काय म्हणतो? ‘येतो’! जातो म्हणतो का कुणी? तिथं लिहिलेलंच होतं, दाबलं."

अपूर्वानं मोबाईल त्यांच्यापुढं धरला.

"अहो, पण येणार नसाल तर ‘येत नाही’ दाबायचं!"

"लग्नघराला?" शरच्चंद्रराव हादरलेच. "तोंडावर नाही म्हणू? काय बोलतेस तू!"

म्हणजे निम्म्या लोकांनी तरी नुसतं निरोप घ्यायला किंवा भिडेखातर बटण दाबलं होतं. अपूर्वा चप्पल पायात सरकवून थेट आप्पासाहेबांच्या घरी पळाली. तिथं आचारी गनीभाई आठशे माणसांच्या बुंदीचा अंदाज सांगत होते.

"आप्पासाहेब, चारशेचाच स्वयंपाक करा! बाकीचे फक्त निरोप घेत होते!"

आप्पासाहेबांना दोनदा समजावून सांगावं लागलं. मग ते गनीभाईंकडे वळले. "पोरगी शिकलेली हाय. चारशेचं धरा."

"आप्पासाहेब, कमी पडलं तर लोकं मला बोलत्यात, मोबाईलला न्हाई," गनीभाई म्हणाले. पण यजमानापुढं आचाऱ्याचं काय चालणार?

लग्नाच्या दिवशी साडेबाराच्या मुहूर्ताला कार्यालयात पाऊल ठेवायला जागा नव्हती. कोपरगावचे आले, पाथर्डीचे आले, दुखऱ्या दातापायी गाल धरून शरच्चंद्ररावही आले. आणि दोन भाचे आधाराला घेऊन, प्लास्टरचा पाय पुढं काढत रामहरीमामा जीपमधून उतरले, तेव्हा अपूर्वाच्या हातातल्या अक्षता गळून पडल्या.

"मामा, तुम्ही? या पायानं?"

"काय करू बाई! बटन दाबलं तर आतून लगीच चिठ्ठी आली. ‘रामहरीजी, आपण येणार म्हणून आम्ही वाट पाहत आहोत.’ नाव घिऊन सांगितल्यावर कसं न्हाई यायचं?"

ती चिठ्ठी अपूर्वानंच बसवली होती. लोकांना आपलेपणा वाटावा म्हणून, नाव घालून! पुस्तकात तसंच करायला सांगितलं होतं. बोटीवरचा भाचा तेवढा आला नाही, बाकी अख्खा जिल्हा वाट पाहणाऱ्याला भेटायला आला.

गनीभाई घामाघूम होऊन आले. "ताई, बुंदीनं तळ गाठला. भात अजून एका पंगतीला पुरंल. म्होरं काय?"

मांडवात आप्पासाहेब नव्या व्याह्यांशी हसून बोलत होते. पंगत उपाशी उठली तर त्यांची अब्रू जाणार, आणि अपूर्वाचं पुणंही त्याच पातेल्यात बुडणार. तिला रडू फुटायला आलं. काहीच सुचेना, तेव्हा ती सरळ रांगेतल्या पहिल्या माणसापुढं जाऊन उभी राहिली.

"काका, जेवता का?"

"छे छे, आत्ताच खाऊन आलोय," काका पटकन म्हणाले.

अपूर्वा थबकली. काका पहाटे शेवगावहून निघाले होते, कुठलं खाऊन येतात! ते दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होते. अपूर्वानं मनावर दगड ठेवला, दुसऱ्यांदा विचारलं नाही आणि पुढच्या माणसाकडे वळली. "मावशी, बसता का पंगतीला?" "नको गं बाई, भूकच नाही." "मामा, तुम्ही?" "घोटभर चहावर हाय मी, चाललंय." रांगेतला एक माणूस भूक लागली म्हणेल तर शपथ! अर्ध्या तासात अर्धा मांडव तृप्त चेहऱ्यानं निरोप घेऊन गेला. पुणे रोडवरच्या सगळ्या हॉटेलांतली मिसळ त्या दुपारी संपली, आणि आप्पासाहेबांच्या बुंदीची मात्र वाहवा झाली.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या कंपनीतल्या मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. शरच्चंद्रराव आणि सरोजिनीबाई दाराआड कान लावून उभे.

"आठशे म्हणाले आणि जवळजवळ आठशे आले? आमच्याकडं इतकं कधी जमलं नाही. कसं केलंस?"

काहीतरी थातूरमातूर सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण अपूर्वाच्या डोळ्यांपुढून शेवगावचे काका हलेनात. तिनं सगळं सांगून टाकलं. चुकलेलं बटण, आगाऊ चिठ्ठी, उपाशी गेलेली माणसं.

मॅडम हसून हसून खुर्चीत वाकल्या. "घेतलं तुला! फक्त पहिले सहा महिने पगार नाही. चालेल ना?"

"हो, चालेल की!" अपूर्वा म्हणाली.

आणि म्हटल्यावर तिला हिशोब आठवला. पुण्यात खोलीचं भाडं कोण देणार? चालेल कुठं? काही चालणार नव्हतं! मॅडम "छान, मग भेटू" म्हणून फोन ठेवायला लागल्या होत्या.

"मॅडम, थांबा. नाही. नाही चालणार."

अपूर्वाला पतसंस्थेचा काउंटर दिसायला लागला.

"बरं झालं बोललीस," मॅडम सावकाश म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून पगार. सोमवारी ये."

फोन बंद होताच दार धाडकन उघडलं. शरच्चंद्ररावांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मॅडमला तोंडावर नाही म्हणालीस?"

"बाबा, नोकरी मिळाली! पगारासकट!"

"ते ऐकलं गं," सरोजिनीबाई डोळ्याला पदर लावत म्हणाल्या, "पण त्यांना काय वाटलं असेल! आधी फोन लाव आणि माफी माग."