मालकाला विचारतो

मन्मथअप्पांनी स्वतःचं घर विकायला काढलं, तेव्हा बघायला आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकाला ते म्हणाले, "मालक जरा तिरसट हाय. पण तुमी काळजी करू नका, मी पटवतो."

मालक म्हणजे अप्पाच. पण पाटोद्यात जन्मभर लोकांची घरं अन् प्लॉट विकून त्यांच्या जिभेला वळणच तसं पडलेलं. भाव अडला की "मालकाला विचारतो" म्हणत उठायचं, मोबाइल कानाला लावून कोपऱ्यात जायचं अन् कपाळाला आठ्या घालून परत यायचं. मोबाइल पुष्कळदा बंदच असायचा. ओढ्यातला प्लॉट असला तर "पाण्याची ददात न्हाई" अन् डोक्यावरून विजेच्या जाड तारा गेल्या असल्या तर "लाईट लई जवळ हाय."

आता माझंही सांगून टाकतो. मी अप्पांचा भिंतीला भिंत लागून शेजारी, शाळामास्तर, आणि अप्पांचं खोटं गिऱ्हाईक. "सर, तुमचं तोंड लई कामाचं हाय. आत काय चाललंय ते कुणाच्या बापाला कळत न्हाई." खरं गिऱ्हाईक रेंगाळलं की मी एवढंच म्हणायचं, "मला पसंत आहे. आजच इसार देतो." समोरचा घाबरून खिशात हात घालायचा. आठवडाभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवायचं अन् रविवारी हे! बायकोलाही कधी बोललो नाही. मोबदला काय, तर सौद्यानंतर शांतावहिनींच्या हातचा चहा. "सरांना कावून पापात वडता?" असं अप्पांना झापत त्या कप माझ्या हातात द्यायच्या.

वहिनी वारल्या, अप्पा घरात एकटे उरले. पुण्याचा मुलगा फोनवर रोज एकच म्हणू लागला, "घर विका अन् इकडं या." अप्पा शेवटी हो म्हणाले.

फळांचे व्यापारी रशीदभाई बेगमला घेऊन घर बघायला आले. मी नेहमीच्या खुर्चीत. पण अप्पांना काय झालं होतं कुणास ठाऊक!

"हितं पावसाळ्यात ओल येती. दुपारी पत्रा तापतो. मोरीला उतार न्हाई."

मी टेबलाखालून त्यांना पाय मारला.

"पाय कावून मारता ओ सर? खरंच उतार न्हाई!"

रशीदभाई खो खो हसले. "अप्पा, तुमी दलाल कुणाचे? आमचे का मोरीचे?"

बेगमनं स्वयंपाकघर बघून ठरवूनच टाकलं, हेच घर. भाव मान्य, ओलही मान्य. आता फक्त माझं वाक्य पडलं की इसार टेबलावर. मी ते गिळलं. सौदा झाला की भिंतीपलीकडं अप्पा नसणार होते.

"मालकाला विचारतो," म्हणत अप्पा उठले अन् स्वयंपाकघरात गेले. मोबाइल टेबलावरच राहिला.

"मालक तो हेच हैत ना?" रशीदभाईंनी मला डोळा मारला. आम्ही तिघं तोंड दाबून हसत होतो, तेवढ्यात आतून हळू आवाज आला, "काय गं, देऊ का?"

आमचं हसू थांबलं.

अप्पा बाहेर आले. कपाळावर आठी नव्हती. "मालकीण न्हाई म्हणती."

रशीदभाईंनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "फिर तो बात खत्म, अप्पा." जाताना बेगमनं दार हळूच लोटलं.

"पोराला काय सांगणार?" मी विचारलं.

"सांगतो, मालक तिरसट हाय." मग माझ्याकडं वळले. "तुमी आज गप कावून बसलाव?"

मी टेबलावरचा मोबाइल उचलून त्यांच्या हातात दिला.

"ऱ्हाऊ द्या. आज दिसलं तोंडावर."

अप्पा चहा टाकायला आत गेले. भांडी वाजली. डबे उघडले, मिटले.

"सर, साखर किती घेता ओ?"

मी सांगणार, एवढ्यात आतूनच आलं, "थांबा, विचारतो."