विषय: घेवडा

सोमवारी सकाळी ऑर्वेटा टॅकेटने शाळेत दोन दारांना दोन कागद लावले, आणि नेमकी त्यांची अदलाबदल केली. तिचा तरी काय दोष? लॉरेल गॅपच्या शाळेत ती सतरा वर्षं स्वयंपाक करते. चुलीवर घेवडा शिजत होता, चष्म्यावर वाफ बसली होती आणि चिकटपट्टी बोटांना चिकटली होती. एक कागद चर्चचा होता. चर्चमधला नळ फुटल्यामुळे बुधवारचं सहभोजन शाळेच्या भोजनगृहात होणार होतं, आणि कोण काय करून आणणार ते त्यावर लिहायचं होतं. दुसरा कागद शाळा समितीचा. समितीची सभाही बुधवारीच, समोरच्या व्यायामशाळेत. ज्याला सभेत बोलायचं असेल त्याने त्या कागदावर आपलं नाव आणि विषय लिहायचा होता.

आता दुसऱ्या एखाद्या गावात ही चूक पाच मिनिटांत कुणाच्या तरी लक्षात आली असती. पण आमच्या केंटकीच्या डोंगरात दाराला कागद आणि दोरीला पेन दिसलं की वरचा मथळा कोण वाचतो? भोजनगृहाच्या दारावर माणूस नाव लिहितो, पुढे पदार्थ लिहितो आणि चालू लागतो. व्यायामशाळेच्या दारावर तो भांडायला आलेला असतो, त्यामुळे तो तर काहीच वाचत नाही. ऑर्वेटाने स्वतःही भोजनगृहाच्या दारावर पाचव्या ओळीत लिहून टाकलं, ‘ऑर्वेटा टॅकेट, घेवडा’. दोन दिवस कागद सुखाने लटकत राहिले.

सभेपुढे प्रश्न एकच होता. जीवशास्त्राच्या पुस्तकात चौथा धडा उत्क्रांतीचा. चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन व्हर्नल गॅबर्डचं म्हणणं, देवाने सहा दिवसांत जग केलं असताना पोरांना हे असलं काही शिकवायचं नाही. त्या धड्याची पानं प्रत्येक पुस्तकात स्टेपल मारून बंद करून टाकायची. आणि तो धडा शिकवणारी बाई म्हणजे ऑर्वेटाचीच मुलगी, केंड्रा. टॅकेटांच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली ती पहिली.

ऑर्वेटाची पंचाईत कुणाला सांगायची सोय नव्हती. लेकीची बाजू घ्यावी तर रविवारी चर्चमध्ये प्रवचन देणाऱ्या ब्रदर लॉयडसमोर बसायचं कोणत्या तोंडाने? ब्रदरची घ्यावी तर लेकीला तोंड कसं दाखवायचं? दोन महिने ती सगळ्यांना एकच सांगत होती, “मला बाई त्यातलं काही कळत नाही.” चर्चला जात होती, लेकीला डबा देत होती, आणि दोन्हीकडे मुकाट बसत होती.

बुधवारी दुपारी केंड्रा स्वयंपाकघरात आली. “आई, लेक्सिंग्टन शहरातल्या शाळेचं नोकरीचं पत्र आलंय. आज धडा गेला तर मी पण जाते.”

“जा की. मी धरून ठेवलंय का?” ऑर्वेटा म्हणाली आणि घेवड्यात दुसऱ्यांदा मीठ घातलं.

संध्याकाळी व्यायामशाळा गच्च भरली. मधोमध समितीची पाच माणसं. अध्यक्ष बर्ल कोम्ब्स. गावात गुराढोरांच्या खाद्याचं दुकान चालवणारा, मोजकं बोलणारा माणूस. दोघं सभासद धड्याच्या बाजूचे, दोघं विरुद्ध, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बर्लच्या पोटात काय आहे ते मात्र त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं.

त्याने कागद उचलला, वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

“एल्डन स्टॅम्पर. विषय... भरलेली अंडी.”

समोरच्या भोजनगृहातून एल्डन हातात बशी घेऊन आला. “मला बोलावलं?”

“तीन मिनिटं आहेत. बोल.”

“अंड्यांबद्दल?”

“तूच लिहिलंयस ना?”

तेवढ्यात डीकन गॅबर्ड उठला. त्याच्या हातात चौदा पानांचं भाषण होतं. “हा काय पोरखेळ चाललाय, बर्ल? माझं नाव पहिलं आहे.”

“तुझं नाव या कागदावर नाही.”

एवढ्यात ब्रदर लॉयडची बायको मर्टल दुसरा कागद फडकवत दारात उभी राहिली. “अहो, इथे काहीतरी घोळ आहे. आमच्याकडे सात जण उत्क्रांती आणतायत, आणि गोड कुणीच आणत नाहीये.”

व्यायामशाळा हसून हसून लोळायची बाकी राहिली. ऑर्वेटाला मात्र दरदरून घाम फुटला. कागद कुणी लावले ते तिला पक्कं आठवत होतं.

गॅबर्ड म्हणाला, “बदलून घ्या कागद. दोन मिनिटांचं काम.”

बर्लने नियमांचं पुस्तक उघडलं. “सहा वाजल्यानंतर यादी बदलायची नाही. यादीतल्यांनीच बोलायचं, आणि लिहिलेल्याच विषयावर. मागच्या वर्षीच्या हाणामारीनंतर हा ठराव झाला. मांडणारा, व्हर्नल गॅबर्ड.”

गॅबर्ड खाली बसला. मग एल्डन अंड्यांवर बोलला, आणि खरं सांगायचं तर बरं बोलला. दुसरीने बटाट्याच्या सॅलडची कृती सांगितली. तिसरा आणि चौथा लाजून एकेका वाक्यात आटोपले.

“ऑर्वेटा टॅकेट. विषय, घेवडा.”

ऑर्वेटा जन्मात कधी माइकसमोर उभी राहिली नव्हती. पदराऐवजी तिच्या हातात ॲप्रनचं टोक होतं, ते तिने घट्ट धरलं. दुसऱ्या रांगेत केंड्रा मान खाली घालून बसली होती. तिच्याकडे बघितलं आणि ऑर्वेटाला वाटलं, आज गप्प बसले तर ही उद्या सामान बांधेल.

“आमचा घेवडा तुम्ही सगळ्यांनी खाल्लाय,” ती म्हणाली. “हा माझ्या आजीच्या आईच्या वेळचा. तेव्हा शेंग करंगळीएवढी होती, आणि थंडीचा पहिला कडाका पडला की वेल मरायचा. दर साली काही वेल त्यातूनही तगायचे. त्यांच्या मोठ्या शेंगा आमच्यात कुणी खात नाही, बी धरतो. पोरांना हात लावू देत नाही. आता शेंग बघा केवढी आहे, आणि बर्फ पडेपर्यंत वेल हटत नाही. म्हणजे आमचा घेवडा पिढ्या न् पिढ्या शिकत गेला, शहाणा होत गेला. देवाने मला घेवडा दिला, आणि घेवड्याला बदलायची अक्कल पण त्यानेच दिली. यात देवाचा अपमान कुठे झाला ते मला तरी दिसत नाही. झालं माझं.”

कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतल्या दोन-चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्याही घरी बियाण्याच्या बरण्या होत्याच. बर्लने पेन खाली ठेवलं आणि केंड्राकडे वळून विचारलं, “मास्तरीणबाई, आईने सांगितलं तेच तुमच्या त्या धड्यात आहे ना?”

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी काम फत्ते होतं. पाचव्या रांगेतल्या पोरालाही ते कळत होतं. केंड्रा उठली.

“अर्धं बरोबर आहे. अर्धं चूक.”

ऑर्वेटाच्या हातातलं ॲप्रनचं टोक सुटलं.

“घेवडा काही शिकत नाही, आणि शहाणाही होत नाही,” केंड्रा म्हणाली. “वेल काही ठरवत नसतो. जे थंडीत तगले त्यांचंच बी पुढे गेलं, म्हणून पुढची पिढी तशी झाली. शेंगेचा आकार तर तुम्ही निवडून निवडून वाढवलात. रानात निवडायला कुणी बसलेलं नसतं. आणि चार पिढ्यांत घेवडा बदलला, तरी तो घेवडाच राहिला. एवढ्यावरून सगळा चौथा धडा सिद्ध होत नाही. त्याला वेगळे पुरावे आहेत, ते मी वर्गात दाखवते. देवाबद्दल आई बोलली ते तिचं तिने बघावं. ते माझ्या वर्गात मी शिकवत नाही. खोटंही ठरवत नाही.”

ती बसली. गॅबर्डच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. स्वतःच्या हाताने घाव घालून घेतला पोरीने. मतं पडली. दोन इकडे, दोन तिकडे. बर्लने दाढी खाजवली.

“मला त्या धड्यातलं काही कळत नाही,” तो म्हणाला. “पण भर सभेत, धडा पणाला लागलेला असताना जी स्वतःच्या आईला सूट देत नाही, ती आपल्या पोरांना खोटं काही शिकवेल असं मला वाटत नाही. धडा राहू दे.”

माणसं उठून जेवायला निघाली. दारात ब्रदर लॉयडने ऑर्वेटाला गाठलं. भला माणूस, त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

“मनाला लावून घेऊ नकोस, ऑर्वेटा. चारचौघांत आईची चूक काढायला नको होती पोरीने.”

ऑर्वेटाने डोळे पुसले.

“ब्रदर, मागच्या रांगेपर्यंत गेलं असेल ना ऐकू?”

“गेलं तर. सगळ्या गावाने ऐकलं.”

“मग बरं झालं,” ऑर्वेटा म्हणाली. “माझी मुलगी आहे ती.”