साहेब काही खात नाहीत

श्रीरंग खांबेटे दहा दिवसांच्या निसर्गोपचार शिबिरातून गाझियाबादच्या वैशाली वसाहतीतल्या आपल्या फ्लॅटवर परतला, तेव्हा त्याचं वजन तीन किलोंनी कमी झालं होतं आणि बोलणं साधारण तेवढ्याच प्रमाणात वाढलं होतं. बूट काढायच्या आधीच त्याने स्वयंपाकघरात जाऊन डब्यांची तपासणी सुरू केली. मैदा गेला, साखर गेली. पोह्यांवर कारखान्याचा हात फिरलेला असतो म्हणून पोहे गेले. साबुदाणा मुळात काय असतो हे कोणालाच नीट सांगता येत नाही, म्हणून तो संशयाचा फायदा न मिळता गेला. बिस्किटं, टोस्ट, पांढरा तांदूळ, रिफाइंड तेल सगळं एका पोत्यात जमा झालं. त्याची बायको कुमुद दाराला टेकून बघत होती. त्याचा हात चहाच्या डब्याकडे गेला तेव्हा मात्र ती पुढे झाली, डबा काढून घेतला आणि याला हात लावायचा नाही, एवढंच म्हणाली. चहा वाचला.

दोष तसा डॉक्टरांचा होता. त्रेचाळिसाव्या वर्षी कोलेस्टेरॉल इतकं बरं नव्हे, जरा जपा, असं ते म्हणाले होते. 'जरा' हा शब्द श्रीरंगला पेलत नसे. शिबिरातल्या गुरुजींनी त्याला सांगितलं, की निसर्गाने जे अख्खं दिलं ते अख्खंच खावं. दळलं, चाळलं, तळलं की ते अन्न उरत नाही. हे त्याला पटलं. त्याने ते घरच्यांच्या वतीनेही पटवून घेतलं. देशाने चाळीस-पंचेचाळीस वर्षं वाट बघितल्यावर परदेशी वेफर्सची पाकिटं नुकती कुठे वैशालीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात लटकायला लागली होती, आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर बारा वर्षांच्या अनुरागच्या वडिलांनी संन्यास घेतला.

घरात हे सगळं निभलं असतं. पण श्रीरंगची नोकरी फिरतीची होती. निर्यातीचा कापडमाल बंदरावर जाण्याआधी तपासणाऱ्या एका सरकारी खात्यात तो इन्स्पेक्टर होता. हे खातं नावाला जागणारं होतं. तिथे सगळेच खात, फक्त कोणी किती खावं याबद्दल शिस्त होती. श्रीरंग त्या अर्थाने कधी खात नव्हता, पण त्याचा गाजावाजाही करत नव्हता. तो भित्रा होता. भित्रेपणाला प्रामाणिकपणा म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणून त्याला प्रामाणिक म्हणायला हरकत नाही.

उदारीकरणाने निर्यात वाढली आणि निर्यातीने दौरे वाढले. महिन्यातले पंधरा दिवस श्रीरंग पानिपत, लुधियाना, मुरादाबाद असा हिंडत असे. आता त्याच्या सामानात एक मोठी पिशवी वाढली. तिच्यात काकड्या, गाजरं, भिजवलेले शेंगदाणे, भरडलेल्या गव्हाचा दलिया, एक चाकू आणि ओल्या फडक्यात बांधलेले मूग असत. मूग वाटेतच मोड धरत. पहाटे गाझियाबादेत बांधलेली पुरचुंडी दुसऱ्या दिवशी लुधियान्यात उघडली की श्रीरंगला बाप झाल्यासारखं वाटे. या सगळ्यासाठी कुमुद आदल्या संध्याकाळपासून भिजवणं, निथळणं, बांधणं करत असे. तक्रार करत नसे. श्रीरंगला वाटे, तिलाही पटलं.

पानिपतला हे व्रत घेऊन तो पहिल्यांदा गेला तो लाला कस्तुरीलालच्या कारखान्यात. लाला पलंगपोस आणि सतरंज्या जर्मनीला पाठवत असे. इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर ऑफिसात काजू, समोसे, बर्फी आणि वर साय जमलेल्या लस्सीचे लांबच लांब ग्लास मांडून ठेवायची त्याच्याकडे रीत होती. श्रीरंगने सगळ्याकडे एकदा पाहिलं. मग तो निश्चयाने म्हणाला, "लालाजी, मैं कुछ नहीं लेता."

लालाचा हात बशीवरच थांबला. "थोड़ा सा तो लीजिए, साहब. सब लेते हैं."

"सब लेते होंगे. मैंने छोड़ दिया है. थोड़ा भी नहीं."

"छोड़ दिया," लाला पुटपुटला. म्हणजे आधी घेत होता आणि आता सोडलं. असा माणूस सगळ्यात वाईट. त्याने मुनीमाकडे पाहिलं. मुनीमाने जमिनीकडे पाहिलं. रंग सुटतो का हे बघायला श्रीरंगने ओलं पांढरं फडकं पलंगपोसावर घासलं, फडकं थोडं लाल झालं, आणि घाबरलेल्या लालाने स्वतःच सांगून टाकलं, की हा माल नको, महिन्याभरात दुसरा रंगवून दाखवतो.

संध्याकाळपर्यंत पानिपतच्या बाजारात बातमी पोचली, की दिल्लीहून नवा साहेब यायला लागलाय आणि तो खात नाही. चहासुद्धा घेत नाही. जीपचा ड्रायव्हर हरिदास याने कोणी विचारल्यावर प्रामाणिकपणे सांगितलं, की साहेब खरंच कुठलं काही खात नाहीत, पिशवीतलं गवत खातात. त्यावर विश्वास ठेवण्याइतका पानिपतचा व्यापारी भोळा नव्हता. गवताच्या गोष्टीत काहीतरी खोल अर्थ असणार, असं ठरलं.

पुढचे चार महिने श्रीरंग जाईल तिथे माल सुधारायला लागला. लुधियान्यात लोकर शुद्ध झाली. मुरादाबादेत तर कापडाचा संबंध नसलेल्या पितळवाल्यांनीही धसका घेतला. परदेशातून तक्रारी येणं थांबलं. त्याचे वरिष्ठ उल्हास काळसेकर यांनी त्याला बोलावून पाठ थोपटली आणि बक्षीस म्हणून त्याचे दौरे वाढवले. आपलं काम इतकं का सुधारलं याचा श्रीरंगने विचार केला आणि ते मोडाच्या मुगांमुळे असणार, अशा निष्कर्षाला आला. त्याने तसं एक टिपणही लिहून काळसेकरांना दिलं. काळसेकरांनी ते वाचून दोनदा मान हलवली आणि खणात ठेवलं.

पण देहाला निष्कर्ष कळत नाहीत. जून महिना लागला. पानिपतला सकाळी पोचल्यावर श्रीरंगने पुरचुंडी उघडली, तेव्हा मोड आले होते आणि मोडांना वासही आला होता. मूग आंबले होते. काकड्या जीपच्या उन्हात शिजल्या होत्या. दिवसभर तो चार शेंगदाण्यांवर गोदामं तपासत हिंडला. परतताना दुपार कलली आणि मुरथलच्या अलीकडे जीपचा पट्टा तुटला, तो नेमका एका ढाब्यासमोर. मराठी माणसाचं पानिपतच्या आसपास काय होतं हे इतिहासात लिहून ठेवलेलं आहे. श्रीरंगने ते मनावर घ्यायला हवं होतं.

हरिदासने पट्टा मिळवायला एकाला पाठवलं आणि खाटेवर बसून पराठे मागवले. तंदूरमधून निघालेला बटाट्याचा पराठा, त्यावर लोण्याचा गोळा. लोणी हळूहळू वितळत कडेला आलं. श्रीरंगने तोंड फिरवलं, तर दुसऱ्या खाटेवरही पराठाच होता. मग त्याने विचार केला, की गहू तसा अख्खाच असतो, फक्त दळलेला. बटाटा तर सालीसकट जमिनीतून येतो. दूध निसर्गाचं, लोणी दुधाचं. अशा रीतीने शास्त्राचा आधार मिळाल्यावर त्याने एक पराठा मागवला.

एकाचे चार झाले. मध्ये दोन ग्लास लस्सी झाली. शेवटी जिलबी आली, तेव्हा तो शास्त्राच्या पलीकडे पोचला होता. पलीकडच्या खाटेवर लाला कस्तुरीलालचा मुनीम दिल्लीहून परतताना थांबला होता. त्याने हे सगळं डोळे भरून पाहिलं. श्रीरंग बिल द्यायला उठला, तर ढाबेवाला म्हणाला, हो गया साहब. श्रीरंगला वाटलं हरिदासने दिलं. हरिदासला वाटलं साहेबांनी दिलं. दोघांनाही एकमेकांविषयी आदर वाटला आणि असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात म्हणून कोणीच काही बोललं नाही. घरी पोचल्यावर कुमुदने विचारलं, मूग टिकले का. टिकले, म्हणून श्रीरंग अंघोळीला गेला.

मुनीमाने पानिपतला जाऊन सांगितलं, "लालाजी, साहब ने खाना शुरू कर दिया. अपना ही खाया है."

लालाला हायसं वाटलं. पुन्हा पूर्वीसारखे दिवस आले म्हणून त्याने पूर्वीसारखाच रंग वापरला. पुढच्या आठवड्यात श्रीरंग आला, फडकं घासलं, फडकं लालभडक झालं, आणि त्याने अख्खा माल नाकारला. लाला त्याच्या कानाशी लागून म्हणाला, की साहब, उस दिन तो आपने खाया था. श्रीरंगचा चेहरा पांढरा पडला. हे कोणाला सांगू नका, अशी त्याने हात जोडून विनंती केली, आणि तरीही शिक्का काही मारला नाही.

लाला मनापासून दुखावला. न खाणारा अधिकारी त्याने सहन केला असता. खाणाऱ्याचं तर त्याने स्वागतच केलं असतं. पण खाऊनही काम न करणारा अधिकारी ही व्यापारातली नीतिमत्ता कोसळल्याची खूण होती. त्याने खात्याच्या मुंबईच्या मुख्य कचेरीकडे सहीनिशी तक्रार केली: इन्स्पेक्टर खांबेटे यांनी अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, साक्षीदारासमक्ष भरपूर खाल्लं, आणि नंतर हे बाहेर सांगू नका म्हणून गयावया केली.

चौकशीला मुंबईहून दत्तात्रय सबनीस आले आणि दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या जुन्या अतिथिगृहात उतरले. श्रीरंगला तिथेच बोलावलं. तो तीन रात्री झोपला नव्हता. नोकरी जाणार, फ्लॅटवरचं कर्ज राहणार, असं त्याला दिसत होतं. सबनिसांच्या पुढ्यात मिसळीची बशी होती. शेव, फरसाण, पाव. श्रीरंगने नजर खिडकीबाहेर ठेवली.

"खांबेटे, सरळ विचारतो," सबनीस पाव मोडत म्हणाले. "खाल्लंत का?"

"खाल्लं, साहेब."

सबनिसांचा पाव हातातच राहिला. वीस वर्षांच्या चौकश्यांत या प्रश्नाला असं उत्तर त्यांना कोणी दिलं नव्हतं. "किती?"

"चार."

"चार काय?"

"आलूचे. आणि दोन लस्सी." श्रीरंग खिडकीबाहेरच बघत होता. "मला मोह आवरला नाही. त्याआधी पाच महिने मी एकदाही खाल्लं नव्हतं, साहेब. शपथेवर सांगतो."

हे प्रकरण उलगडायला पुढे पंधरवडा लागला. सबनिसांनी हरिदासला विचारलं, मुनीमाला विचारलं, ढाबेवाल्याचा जबाब टपालाने मागवला. ढाबेवाल्याने तो आनंदाने दिला. त्याच्या जेवणाची सरकारने एवढी दखल पहिल्यांदाच घेतली होती. बिल लालाच्या मुनीमाने परस्पर भरल्याचं उघड झालं, श्रीरंगला ते माहीत नसल्याचंही सिद्ध झालं, आणि नंतर माल नाकारल्यामुळे त्या खाण्याचा कामाशी संबंध नाही हेही. श्रीरंगने ते पैसे लालाला मनिऑर्डरीने पाठवले. सबनिसांनी त्याला निर्दोष ठरवलं.

पण सबनीस कामाला चोख माणूस. निकालपत्रात त्यांनी एकही तपशील वगळला नाही. ते रजिस्टर्ड पोस्टाने घरच्या पत्त्यावर आलं, तेव्हा श्रीरंग मुरादाबादेत होता. सही करून कुमुदने घेतलं.

शनिवारी दुपारी तो घरी आला, तर पाकीट जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवलेलं होतं. तो उभा राहूनच वाचायला लागला. सदर अधिकाऱ्याने भ्रष्टाचार केला नसून चार भरलेले पराठे, लोण्यासह, दोन मोठे ग्लास लस्सी व पाव किलो जिलबी एवढंच भक्षण केल्याचं, तसंच निघताना 'फिर आएँगे' असं म्हटल्याचं पुराव्यानिशी सिद्ध झालं होतं. खाली गोल शिक्का होता.

"चार?" कुमुदने विचारलं.

"लहान होते."

"ढाबेवाल्याने मोठे लिहिलेत."

श्रीरंग खुर्चीत बसला. नोकरी वाचल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला. इतके महिने या बाईने आपल्यासाठी मूग बांधले, स्वतः बिनमिठाचा दलिया गिळला, पोराला वेफर्सचं पाकीट मिळू दिलं नाही. त्याचे डोळे भरून आले. माझं चुकलं, मी तुम्हाला फसवलं, असं तो खरोखर म्हणाला.

अनुरागला ते बघवेना. "आई, सांगून टाक ना यार."

कुमुदने पदराला हात पुसले. मग अगदी शांतपणे सांगितलं, की पहिल्या दिवशी भरलेलं ते पोतं तिने टाकलंच नव्हतं. तो दौऱ्यावर निघाला आणि जीप कोपऱ्यावरून वळली, की कढई चढत असे. पंधरा दिवस तो घरी नसे, म्हणजे पंधरा दिवस घरात वडे, पुऱ्या, शिरा होत असे. त्याचा महिन्याचा दौऱ्याचा कार्यक्रम ती काळसेकरांच्या ऑफिसात फोन करून आधीच विचारून घेई. त्याप्रमाणे बटाटे आणायचे असत.

श्रीरंगने निकालपत्र घडी करून पाकिटात घातलं. मग त्याच्या लक्षात आलं, की हे काही वाईट झालं नाही. त्याने फसवलं, त्यांनीही फसवलं. हिशेब बरोबर सुटला. छातीवरचं ओझं उतरलं. स्वयंपाकघरातून तव्याचा आवाज आणि तुपाचा वास यायला लागला, तसा तो हात धुऊन टेबलाशी येऊन बसला. या वयात बायको मिळावी तर अशी, असंही त्याच्या मनात आलं.

कुमुदने दोन पानं आणली, एक स्वतःचं आणि एक अनुरागचं. दोन्हींत बटाट्याचे गरमागरम पराठे होते. मग ती परत आत गेली आणि श्रीरंगसमोर तिने मोडाच्या मुगांचा वाडगा ठेवला. वर लिंबाची फोड होती.

श्रीरंगने वाडग्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे.

"कोलेस्टेरॉल तुम्हाला आहे," कुमुद पराठ्याचा तुकडा मोडत म्हणाली. "आम्हाला नाही. आणि आता लपवायचं तरी कोणापासून?"

श्रीरंगने मूग तोंडात घातले. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावावा, असं शिबिरात सांगितलं होतं. तो मुकाट्याने मोजत राहिला. एकोणतिसापर्यंत पोचला, तोवर अनुरागने दुसरा पराठा मागितला होता.